मी नंबर पुसले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी डिजिटल डायरी आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यावर एक आळ आला. तो खोटा होता हे पुढे उघड झाले, ज्याने केले त्याने कबूलही केले. पण तोवर 'चायना माल' म्हणून मी जे ऐकून घेतले, ते कोणी परत घेतले नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. मोबाइल घरोघरी पोचायच्या आधी आमचे दिवस होते. तळहाताएवढी, पुस्तकासारखी उघडणारी काळी डबी. वरच्या बाजूला राखाडी पडदा, त्यावर तीन ओळी मावत. खाली रबरी बटणे. माझ्यात माणसाचे नाव, फोन नंबर आणि दोन-चार शब्दांची टीप ठेवता येई, गजर लावता येई. बस. माझ्या पोटात दोन चपटे सेल असत आणि तिसरा छोटा सेल केवळ आठवण राखायला. ते दोन बदलताना तिसऱ्याला हात लावायचा नाही, एवढाच माझा नियम. पाठीवर टाचणी शिरेल एवढे एक भोक होते. त्यात टाचणी दाबून धरायची आणि पुढचे 'होय'चे बटण दाबायचे, की सगळे पुसले जाई. म्हणजे पुसायला दोन हात लागत, आणि मनातही तेच असावे लागे.

मी स्वस्तातली होते, हे मी नाकारत नाही. कुठल्याशा परदेशी कारखान्यात मला जिने जोडले, तिचे नाव मला ठाऊक नाही. तिने माझे चार स्क्रू घट्ट बसवले, ते आजही हललेले नाहीत. कांदिवली स्टेशनबाहेरच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर होते. वरच्या फळीवरच्या महागड्या डायऱ्यांकडे बोट दाखवून लोक शेवटी मला घेत.

मला घेतले अनंत घाडीने. तो परळच्या एका गिरणीत चौदा वर्षे वायरमन होता. गिरणी बंद पडली आणि तो खांद्याला पिशवी अडकवून घरोघरी पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करू लागला. चारकोपला त्याची छोटी खोली होती. गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली त्याची वही एका घरी गळक्या बेसिनखाली भिजून लगदा झाली, म्हणून त्याने मला आणले.

माझ्यात फक्त इंग्रजी अक्षरे होती. अनंतची मुलगी दिशा तेव्हा नववीत होती. तिने वडिलांना शिकवले.

"बाबा, 'घ' नाहीये यात. जी आणि एच दाबा."

"एका अक्षराला दोन बटणं? मग 'ळ'चं काय?"

"'ळ' विसरा."

अनंतचा अंगठा तारा ओढून ओढून राठ झाला होता. एका वेळी तीन बटणे दाबली जात. तरी रोज संध्याकाळी बसून त्याने दोनशे ऐंशी घरे माझ्यात भरली. चारकोपपासून जोगेश्वरी, अंधेरीपर्यंतची. नंबराखाली तो टीप लिही. 'तीनशे चार, कुत्रा चावतो.' 'आजोबांना ऐकू येत नाही, बेल तीनदा.' 'कारखानीस बाई, इस्त्री फार जुनी, नवी घ्यायला तयार नाहीत.' कोणाच्या घरी काय बिघडते आणि कोण कसे आहे, हे सगळे माझ्यात होते. उन्हाळ्याआधी तो फोन बूथवर बसायचा आणि मला उघडून एकेका घरी विचारायचा, "पंखे साफ करायचे का?" लोकांना त्याला बोलवायचे असले, तर ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवर निरोप ठेवत. अनंतच्या खिशात राहून मी अडीच वर्षे काम केले. एक नंबर चुकवला नाही. एकदा एक बाई म्हणाल्या, "घाडी, तुमच्या लक्षात कसं राहतं हो सगळं?" अनंतने खिशावर थाप मारली आणि म्हणाला, "ही सांगते मला." तेवढे कौतुक मला पुरले.

आता लवूबद्दल सांगते. लवू गावकर अनंतच्याच वयाचा, शेजारच्या गावचा, त्याच गिरणीतला. तो साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवायचा. गिरणी गेल्यावर त्याने बरेच उद्योग करून पाहिले. एकही टिकला नाही. तो जोगेश्वरीला राहायचा आणि अधूनमधून अनंतबरोबर कामाला यायचा. शिडी धरायची, पंखा खाली घ्यायला हात द्यायचा. दुपारी दोघे एकाच डब्यातून जेवत.

पुढे असे झाले की कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान विकले. त्याचा फोन बंद होणार होता. सुदैवाने त्याच आठवड्यात अनंतच्या घरी स्वतःचा फोन आला. रविवारी दिवसभर बसून सगळ्या गिऱ्हाइकांना नवा नंबर कळवायचा, असे त्याने ठरवले. गुरुवारी लवू घरी आला.

"अनंता, डायरी एक दिवस दे रे. आपल्या मंडळाच्या लोकांचे नंबर उतरवून घेतो. पूजेचं आमंत्रण द्यायचंय."

"घेऊन जा. विचारतोस काय?"

दिशा म्हणाली, "बाबा, हिला पासवर्ड लावता येतो. तुम्ही लावलाच नाहीये."

"लवूपासून काय लपवायचंय गं?"

लवूच्या घरी दुपारी कोणी नव्हते. त्याने दोनशे पानी वही उघडली. मंडळातल्या लोकांची नावे सोडून त्याने गिऱ्हाइकांचे नंबर उतरवायला घेतले. दोन दिवस तो लिहीत होता. टिपा त्याने घेतल्या नाहीत, त्याला त्यांची गरज वाटली नाही. शनिवारी वही भरली, तेव्हा त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली. एकदा ती त्याने परत डब्यात ठेवली, एवढे मी त्याच्या बाजूने सांगते. पण पुन्हा काढली आणि दाबले. माझ्यातले सगळे गेले. जे मी डोळ्यांनी पाहिले होते, तेवढे कोणत्या टाचणीने पुसले जात नाही.

संध्याकाळी तो मला घेऊन चारकोपला आला. "बघ रे, काहीतरी गडबड वाटतेय. मी जास्त हात नाही लावला."

अनंतने मला उघडले. पडदा कोरा. दिशाने सगळी बटणे दाबून पाहिली. अनंतने मला टेबलावर दोनदा आपटले.

"वाट लागली," तो म्हणाला. "उद्या फोन कोणाला करू मी?"

"चायना माल, यार," लवू म्हणाला. "मी तेव्हाच बोललो होतो, जरा चांगली घे."

तो हे चहा पिता पिता म्हणाला. घाडींच्या घरच्या कपातून. मला ओरडायचे होते. बशी त्याच्या अंगावर उडवायची होती. मला तोंड असते तर त्या खोलीत त्या दिवशी काय झाले असते, ते तुम्हीच समजा.

"स्वस्तातलं ते स्वस्तातलंच," अनंत म्हणाला आणि त्याने मला हत्यारांच्या पिशवीत फेकले. पकडीवर आपटून माझा बिजागरीचा कोपरा तडकला. पुढचे तीन आठवडे मी तिथेच होते, स्क्रूड्रायव्हर आणि चिकटपट्टीच्या ढिगात. कोणी भेटले की अनंत सांगे, "डायरीने घात केला." मी घात केला! दोनशे ऐंशी घरे पोटात सांभाळणारी मी!

तो पायी हिंडून घरे शोधू लागला. चारकोपजवळची आठवत होती, ती आधी केली. लवू हे ओळखून होता. त्याने जवळची घरे सोडली आणि लांबची धरली. त्यामुळे अनंतला काहीच कळले नाही. तिसऱ्या आठवड्यात तो अंधेरीला रेवती कारखानीस यांच्याकडे पोचला. सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दार उघडले, तर उजवा हात प्लास्टरमध्ये.

"अहो घाडी! तुम्ही कायमचे गावी गेलात ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचे ते लवू. त्यांचा फोन आला होता. म्हणाले, अनंतने काम सोडलं, आता मला सांगत जा. इस्त्रीची वायर बदलून दिली त्यांनी. परवा हात लावला तर असा झटका बसला की मागच्या मागे कपाटावर आपटले. हाड मोडलं."

अनंतने इस्त्री मागितली, प्लग उघडला. हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची, कापून आत खुपसून ठेवली होती. इस्त्रीत वीज उतरली तर ती जमिनीत नेऊन माणसाला वाचवते ती तार.

"बाई, तुमचा नंबर त्याला कोणी दिला?"

"मला वाटलं तुम्हीच दिलात."

मग त्याने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले. मला उलटेसुलटे करून पाहिले. घरी आल्यावर त्याने दिशाला माझे माहितीपत्रक वाचायला लावले. ती म्हणाली, "बाबा, सेल तिन्ही नवे आहेत. हे आपोआप पुसलं जात नाही. मागे टाचणी घालून पुढचं बटण दाबावं लागतं. हे कोणीतरी मुद्दाम केलंय."

"म्हणजे हिने नाही केलं," अनंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शर्टाच्या खिशात घालून तो जोगेश्वरीला गेला. तीन आठवड्यांनी मी पुन्हा खिशात होते आणि त्याची छाती भात्यासारखी चालत होती. लवू दारातच होता.

"ये, ये. चाय टाकायला सांगतो."

"वही आण."

"कसली वही?"

"तुझ्या हाताने लिहिलेली. आण म्हणतोय ना!"

लवूचा चेहरा पडला. मग तोही चिडला. "तुका काय कमी हा रे? तुझ्या हातात हुन्नर हा. गिरण बंद पडली आणि तू पिशवी घेऊन निघालास. मी साचेवाला. साचा कोणाच्या घरी असतो, सांग! तू मला बरोबर नेलंस ते कशाला? शिडी धरायला! अडीच वर्षं शिडी धरली मी."

"एकदा बोललास? एकदा तरी म्हणालास, अनंता, मला शिकव? शिकवलं असतं तुला! नंबर हवे होते तर अर्धी घरं दिली असती. तू पुसलेस कित्याक? आणि माझ्याच घरी बसून हिला शिव्या घातल्यास!"

लवू वही आणायला आत वळला, अनंतने त्याला थांबवले.

"आणि अर्थिंगची तार का कापलीस?"

"प्लगात मावत नव्हती. दोन तारांवर पण चालते ना इस्त्री."

"चालते!" अनंत इतक्या जोरात ओरडला की शेजारची दारे उघडली. "बाई मेली असती तरी इस्त्री चालली असती!"

लवूने वही आणून दिली. अनंतने ती घेतली आणि विचारले, "किती घरी काम केलंस?"

"छत्तीस."

"चप्पल घाल. छत्तीसही घरी जायचंय. दारात उभं राहून सांगायचं, मी खोटं बोललो आणि काम चुकीचं केलं. मग मी ते काम बघणार."

मित्रांनो, अकरा दिवस ते दोघे चालत होते आणि मी खिशात होते. एका साहेबांनी पोलिसांना बोलावतो म्हटले. एका घरी दोघांच्याही तोंडावर दार लावले. काही लोक हसले. लवू प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचा, पहिल्या दिवशी पुटपुटत, नंतर नीट ऐकू येईल असे. एकोणीस घरी अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. प्रत्येक वेळी अनंत तो उघडा प्लग लवूच्या डोळ्यांसमोर धरायचा. माझा राग काडीभरही उतरला नाही, उलट प्रत्येक प्लगागणिक वाढत गेला.

शेवटी कारखानीस बाईंचे घर आले. लवू दारात उभा राहिला आणि त्याला त्याचे वाक्य म्हणता येईना. तो त्यांच्या प्लास्टरकडे पाहत राहिला.

"मला माफीबिफी नको," बाई म्हणाल्या. "ती तार लावा. माझ्यासमोर."

लवू जमिनीवर बसला, त्याने प्लग उघडला आणि हिरवी तार जागेवर कसली. अनंतने तपासली. बरोबर होती.

रस्त्यावर आल्यावर लवूने विचारले, "उद्या कुठे येऊ?"

"येऊ नकोस. काम शिकायचं तर एक चांगला माणूस सांगतो, त्याच्याकडे जा. माझ्याबरोबर आता नाही."

लवू त्या माणसाकडे गेला आणि काम शिकला, असे पुढे कानावर आले. मंडळाच्या पूजेला दोघे एकमेकांना दिसत, पण एका पंगतीला बसले नाहीत. लोक म्हणत, अनंत फार कठोर झाला. मी तसे म्हणणार नाही.

दिशाने वहीवरून सगळे नंबर पुन्हा माझ्यात भरले आणि पासवर्ड लावला. टिपा मात्र गेल्या त्या गेल्याच. त्याच महिन्यात तीनशे चारच्या कुत्र्याने अनंतला पोटरीला धरले. मग त्याने एकेक घर करत टिपा पुन्हा लिहिल्या. आणखी सहा-सात वर्षे मी काम केले. पुढे मोबाइल आला, आणि अनंतने स्वतःच्या हाताने तिन्ही सेल काढून मला ड्रॉवरमध्ये ठेवले, म्हणजे ते आत गळून मला खाऊ नयेत. त्याने माझी माफी कधीच मागितली नाही. स्वस्तातल्या वस्तूची माफी कोण मागतो?

वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्याहून जास्त मागते आहे. एखादी वस्तू बिघडली, तर ती स्वस्त आहे म्हणून तिच्यावर खापर फोडू नका. ती बोलू शकत नाही. शेवटी ती कोणाच्या हातात होती, ते विचारा. तो माणूस आपला आहे, समोर बसून चहा पितो आहे, म्हणून संकोच करू नका. अनंतने त्या शनिवारी लवूला एक प्रश्न विचारला असता, तर कारखानीस बाईंचा हात मोडला नसता.