लखलखीत म्हणजे स्वच्छ नव्हे

मी एक जुनी सुई आहे, पण दोरा घेऊन माझ्याकडे येऊ नका. मला नेढेच नाही. पोलादाचे केसासारखे बारीक अंग आणि मुठीला गुंडाळलेली तार, एवढीच मी. जन्म चीनमधला. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात डॉक्टर तेजस्वींच्या दवाखान्यात आले. नेमक्या जागी सुया टोचून दुखणे कमी करायचे, ही त्यांची चिनी पद्धत. तेव्हा आम्हाला एकदा वापरून फेकत नसत. प्रत्येक रुग्णाच्या सुया वेगळ्या, नाव लिहिलेल्या काचेच्या नळीत. माझ्या नळीवर नाव होते चिमणाबाई.

चिमणाबाई हुपरीच्या. घरातच पैंजणांचे काम. जमिनीवर बसून घुंगरू जोडण्यात जन्म गेला आणि गुडघे झिजले. लेक रूपाली कोडोलीला दिलेली, पहिलटकरीण; आईचे गुडघे असे, म्हणून बाळंतपण सासरीच. "तिच्या बाळाच्या बारशाला माझ्या पायानं यष्टीत चढून जायचं हाय," एवढेच बाईंचे मागणे.

डॉक्टर स्पष्ट बोलल्या, "मावशी, झिजलेला सांधा सुईनं नवा होत नाही. दुखणं कमी होईल, नाहीतर नाहीही होणार. व्यायाम मात्र सोडायचा नाही."

बाईंनी तो सोडला नाही. मीही माझे काम केले. दर खेपेला मला वाफेच्या भांड्यात तापवून शुद्ध करत, मगच टोचत. एक दिवस त्या हसतच आल्या. "कंडक्टर हात द्याला आलता. म्हटलं, ऱ्हाऊ दे पावणं, चढतीया मी!" त्या हसण्याने मी धन्य झाले, मित्रांनो.

मग दिवाळीचे काम वाढले. आईसोबत कोल्हापूरला यायला मुलगा भाऊसो याला सवड होईना. तो दवाखान्यात येऊन म्हणाला, "नळीवर नाव आमच्या आईचं, मग सुई आमचीच की." डॉक्टरांनी "घरी टोचू नका" असे बजावले आणि नळी त्याच्या हातात दिली. बजावायचे होते तर दिली कशाला? त्यांचाही मला राग आहे.

घरी भाऊसोने मला रिठ्याच्या पाण्यात घासले. हुपरीत पैंजण असेच उजळतात. मला उजेडात धरून तो म्हणाला, "बघ आई, चांदीगत लखलखतीया. आनि काय पायजे?"

अरे, लखलखणे वेगळे आणि जंतू मरणे वेगळे! पण सुईचे ऐकतो कोण? "डॉक्टरीण कुठं टोचती, बघितलंय की मी," म्हणत त्याने मला गुडघ्याच्या वाटीशेजारी खोल खुपसले. बाईंनी दात आवळून सोसले.

काही दिवसांतच गुडघा टरारून सुजला, ताप चढला. सांध्यात पू झाला होता. ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण पाय कायमचा ताठरला. कोडोलीत बारसे झाले तेव्हा चिमणाबाई इस्पितळाच्या खाटेवर होत्या. नातीसाठी घडवलेले चांदीचे वाळे त्यांनी शेजारणीच्या हाती पाठवले.

आणि भाऊसो गावभर काय सांगत सुटला? "चिनी सुईनं घात केला बघा!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिठ्याच्या पाण्याचे नाव कुणी घेतले नाही. टोचणाऱ्या हाताचेही नाही. मला हत्यारांच्या डब्यात टाकले. आता माझ्याकडून घुंगरांची बुजलेली भोके मोकळी करून घेतात.

नात साक्षी चालायला लागल्यावर एकदा आजोळी आली. पायात तेच वाळे. दुडुदुडु धावत ती थेट उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे निघाली. आजी खाटेवरून उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. "धरा की गं तिला कुनीतरी!"

भाऊसोने धावत जाऊन पोरीला उचलून आणले आणि पुटपुटला, "त्या चिनी सुईनं..."

"सुईला नावं ठेवू नगंस," चिमणाबाई कडाडल्या. "तिच्याच जोरावर मी यष्टीत चढलेली. माझा पाय तू घालवलास."

भाऊसोने पोरीला आईशेजारी खाटेवर बसवले आणि दाराला कडी घातली.

मित्रांनो, मला शिकलेल्या हाताशिवाय कुणाच्या अंगाला लावू नका. माझे काय, मी डब्यात पडून राहीन. पण त्या दिवशी साक्षीच्या मागे तिची आजी धावायला हवी होती.