तापलेलं इंजिन, गार गिअरबॉक्स

उणे अडतीसची थंडी पडली की झोरा गावातलं कुत्रंसुद्धा दाराबाहेर पाय टाकायच्या आधी दोनदा विचार करतं. पण जनावर काही हवा बघून वीत नाही. स्टेफाची एक कालवड, पहिल्याच वेताची, पहाटेपासून अडली होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "माझ्यापुढे एक गाय पोट उघडून पडलीय, मला हलता येणार नाही. तुम्हीच घेऊन या." मग स्टेफाने आपल्या दिराला, ओरेस्टला, बोलावलं आणि तो उजाडायला हजर झाला.

ओरेस्ट माणूस मनाने वाईट नव्हता, नुसता तोंडाळ होता. भाऊ यारोस्लाव, म्हणजे स्टेफाचा नवरा, वारल्यावर त्याने स्टेफाला स्वच्छ सांगितलं होतं, "एकट्या बाईला एवढी गुरं झेपायची नाहीत. हा एक हिवाळा बघू. एक जरी जनावर हातचं गेलं तर वसंतात सगळी लिलावात काढायची." स्टेफा फक्त "बरं" म्हणाली होती. ती फार बोलायचीच नाही. त्याला वाटलं, मनातून तिलाही पटलंय. कसलं पटतंय! त्या गुरांतली निम्मी तिने स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

आल्या आल्या ओरेस्टने तिच्या डिझेल पिकअपची किल्ली फिरवली. इंजिन रात्रभर विजेच्या हिटरला जोडलेलं, लगेच सुरू झालं. गिअरचा दांडा पार्कवर, म्हणजे गाडी जागची हलू नये अशा खाचेत, ठेवून गाडी तशीच घुरघुरत सोडून तो गोठ्यात गेला. दोघांनी मिळून कालवडीला ढकलत, चुचकारत गाडीमागे जोडलेल्या ट्रॉलीत चढवलं. परत येऊन तो स्टिअरिंगमागे बसला तेव्हा हिटरची ऊबदार हवा तोंडावर येत होती.

"बघ, कशी खमंग तापवून ठेवलीय तुझी गाडी," तो म्हणाला. स्टेफा कालवडीकडे मान वळवून बसली होती. तिने ऐकलंच नाही.

गावाबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. पहिला गिअर, मग दुसरा. त्यानंतर मात्र गाडी अडून बसली. ऑटोमॅटिक गाडी, तिने आपणहून तिसरा टाकायचा, तर ती टाकेचना. इंजिन बोंबलायला लागलं. ओरेस्टने पाय आणखी दाबला. एकदा हिसका बसला, मागे ट्रॉली हादरली, कालवड हंबरली आणि गाडी पुन्हा दुसऱ्यातच. मग जळल्यासारखा वास यायला लागला.

"इंजिन गरम, हिटर गरम, मग हिच्या पोटात दुखतंय तरी काय?" ओरेस्ट ओरडला.

स्टेफाने आता त्याच्याकडे पाहिलं. "सुरू करून कशावर ठेवली होतीस? पार्कवर?"

"मग काय डोक्यावर ठेवू?"

"गाडी थांबव."

"डोकं फिरलंय का तुझं? मागे जनावर मरायला टेकलंय."

"म्हणूनच म्हणतेय, थांबव. आणि ऊठ तिथून."

ओरेस्ट उठला. आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून तो खुर्चीवरूनही उठला नव्हता, पण त्या आवाजात काहीतरी होतं. स्टेफाने उतरून चाकांखाली लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली आणि पायाने थोडी, अगदी थोडी रेस धरून बसली. चहूकडे पांढरं रान आणि मधे ही उभी गाडी. मागे कालवड कण्हत होती.

"इंजिन तापलं म्हणजे गिअरबॉक्स तापला असं नसतं," ती म्हणाली. "विजेचा हिटर जोडलेला असतो तो इंजिनाला. गिअरबॉक्स रात्रभर गारठलेला. आणि ही गाडी पार्कवर असली की त्याचं ऑइल धड फिरतच नाही. न्यूट्रलला ठेवलं की फिरतं, मग तापतं. आत्ता आत नुसती काकवी झालीय. तू असाच दामटत राहिला असतास तर पुढच्या वळणावर आपण तिघंही अडकून बसलो असतो."

"हे तुला यारोस्लावने शिकवलं?"

"यारोस्लाव तुझ्यासारखाच पार्कवर ठेवायचा. एक गिअरबॉक्स त्याने जाळला. दुसरा मी जाळू दिला नाही."

आता खरं सांगायचं तर ओरेस्टला तिच्या गाडीतल्या माहितीचं कौतुक नव्हतंच, ते काय, कोणीही शिकेल. त्याला धाक वाटला तो त्या थांबण्याचा. कालवडीचं प्रत्येक कण्हणं त्याच्या छातीत लागत होतं, त्याचे पाय चुळबुळत होते. ती तिथे नसती तर त्याने गाडी केव्हाच दामटली असती. आणि ही बाई, जिचं सगळं त्या ट्रॉलीत होतं, घड्याळाकडेही न बघता रेस धरून बसली होती. फक्त ओठ आत ओढून घेतले होते. एवढा धीर आपल्यात नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि का कोण जाणे, वाईट वाटण्याऐवजी त्याचा ऊर भरून आला.

ऑइल पातळ झाल्याचा अंदाज आला तेव्हा तिने ठोकळे काढले आणि गाडी हलवली. हळू. दुसऱ्याच्या शेवटाला आली तेव्हा पाय किंचित उचलला आणि तिसरा असा अलगद पडला की ओरेस्टला कळलंसुद्धा नाही. पुढे चौथाही पडला.

"शाब्बास," तो पुटपुटला. गाडीला की वहिनीला, ते त्याने स्पष्ट केलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच कालवडीचं पोट उघडलं. बऱ्याच वेळाने त्या हात पुसत बाहेर आल्या. "कालवड वाचली. वासरू नाही."

"आम्ही वाटेत थांबलो होतो," ओरेस्ट घाईने म्हणाला. "गाडी मीच चुकीची तापवली. त्यामुळे गेलं का ते?"

"नाही हो. ते पहाटेच पोटात मेलेलं होतं. पण तुम्ही वाटेत अडकून पडला असता तर हीसुद्धा गेली असती."

वासरू पेंढ्यावर पडलं होतं, ओलं, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. स्टेफा खाली बसली. त्याचे कान चोळले, जसे जिवंत वासराचे चोळतात. मग उठली.

"जनावर गेलं, ओरेस्ट," ती म्हणाली. "लिलाववाल्यांना फोन कर. ठरलं होतं तसं."

ओरेस्ट शब्दाला पक्का म्हणून पंचक्रोशीत मिरवायचा. चर्चच्या पायरीवर उभं राहून पोरांना त्यावर व्याख्यानं द्यायचा.

"मी कोणालाही फोन करणार नाही," तो म्हणाला.

"शब्द दिला होता."

"दिला होता. गाढवाने दिला होता. ती गुरं तुझी आहेत, स्टेफा, आणि तुझ्याइतकी ती कोणालाच कळत नाहीत. मला तर नाहीच नाही."

स्टेफाने मान खाली घातली. यारोस्लावच्या मातीला कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली ही बाई आता हुंदके देऊन रडायला लागली. ओरेस्टला काय करावं सुचेना. टोपी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"सांग, मी काय करू?" त्याने विचारलं.

तिने बाहीने नाक पुसलं. "ट्रॉलीत ताजा पेंढा घाल. चांगला जाड. तिला टाके पडलेत."

तो पेंढा आणायला गेला.