गव्हाच्या कोठीतला मोबाईल

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा उत्तररंगात आख्यान लावतात ना, तसे मलाही आज एक आख्यान सांगायचे आहे. माझ्यापाशी टाळ नाहीत, मृदंग नाही. तुम्ही फक्त कान द्या.

मी एक जुना मोबाईल आहे. सोमनाथने मला नाशिकच्या दुकानातून आणले ते आपल्या नव्या नवरीसाठी, वैष्णवीसाठी. त्यांचे घर गावाच्या टोकाला आणि झेंडूचा मळा तिथून बराच लांब. माझ्यावरून वैष्णवी माहेरी सटाण्याला बोलायची. तिला दिवस गेले, तसे मला नवे काम मिळाले. दुपारी ती मला पोटाजवळ उशीवर ठेवून कीर्तन लावायची. नामाचा गजर सुरू झाला की आत बाळ ढुशी द्यायचे. "टाळकरी होणार हे," असे म्हणून ती हसायची. तेवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

तिच्या सासूबाई, मालनबाई, मनाने लोण्यासारख्या. पण सप्ताहात बुवा म्हणाले, "गरोदर बाईने मोबाईल दूर ठेवावा, नाम जवळ ठेवावे." त्यांचा रोख दिवसभर चालणाऱ्या मालिकांवर होता. मालनबाईंनी नेमके 'मोबाईल दूर' एवढेच शब्द उचलले.

"त्यातून लहरी निघत्यात म्हणं. बाळाच्या मेंदूला लागतील," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी कीर्तनच ऐकवते की."

"कीर्तन मी म्हणंल. माझा गळा काय वाईट हाय?"

"आई, तुझ्या गळ्याला गल्लीतली कुत्री साथ देतात," सोमनाथ म्हणाला आणि सगळे हसले.

त्या हसण्यातच मी गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत गेलो. कुलपाची किल्ली मालनबाईंच्या कमरेला. संध्याकाळी त्या मला काढीत, चार्जिंगला लावीत, वैष्णवीला आईशी बोलू देत आणि पुन्हा आत ठेवीत. वैष्णवी भांडली नाही. भीती तिच्याही मनात शिरली होतीच.

गावच्या आशा सेविका उज्वलाताई तिला बजावून गेल्या होत्या, "बाळाची हालचाल कमी वाटली तर थांबू नको, मला लगेच फोन लाव." मालनबाईंनीही मान डोलावली होती. घरात माणसे असतातच, असे त्यांना वाटले.

नववा महिना लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे झेंडू तोडायला मळ्यात गेले. वैष्णवी घरी एकटीच होती; शेजारपाजारचेही आपापल्या मळ्यात होते. सकाळपासून बाळ हलले नव्हते. ती गूळपाणी प्यायली, डाव्या कुशीवर पडली, पोटावर हात ठेवून तिने बाळाला हाका मारल्या. मग कोठीपाशी आली. तेवढ्यात मी वाजलो. उज्वलाताई चौकशीसाठी फोन करत होत्या. मी गव्हात वाजत होतो आणि ती पत्र्याला तळवे टेकून ऐकत होती. तिने कुलूप तोडायला बत्ता उचललादेखील. पण सासूचे कुलूप कसे तोडायचे? येतीलच आता सगळे, असे म्हणून तिने तो खाली ठेवला. मी तीनदा वाजलो आणि गप्प झालो.

मालनबाई भाकरी न्यायला आल्या तेव्हा दुपार झाली होती. धावपळ करून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ गेलंय. सकाळीच यायला हवं होतं."

"लहरींनी झालं का वो?" मालनबाईंनी विचारले.

"नाही मावशी. फोनमुळं नाही."

घरी आल्यावर मालनबाईंनी कोठी उघडली, मला पदराने पुसले आणि वैष्णवीच्या हातात दिले. "लाव बाई, कुठं लावायचा तिथं." वैष्णवीला आता कुणालाच लावायचा नव्हता.

मित्रांनो, मला दिवसभर डोळ्यांसमोर धरा, असे मी म्हणत नाही. जेवताना, निजताना खुशाल दूर ठेवा. पण पोटुशी बाईचा हात पोहोचेल इतका तरी जवळ असू द्या. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, कुलपाला नको.

मालनबाई आजही कीर्तनाला जातात, अगदी मागे खांबाशी बसतात. गजर सुरू झाला तरी त्यांचे हात टाळीसाठी उठत नाहीत. त्यांना दोष देऊ नका. हरीचे नाव घ्याल तेव्हा बारसे न झालेल्या त्या मुलीची आठवण काढा, आणि तिच्या आजीचीही.