माशांच्या खालची लाइन

ताईचा गर्भ गेला. पण घरात आम्ही असं काही झालंच नाही असं धरून चालतो, तेव्हा तुम्हीही तसंच धरा. तर, गर्भ ठणठणीत आहे आणि उद्या सकाळी तो ताईच्या पोटात सोडायचा आहे. शेवटचाच आहे. आधीचे रुजले नाहीत, आणि नवे करायला तिच्याकडे बीजं उरलेली नाहीत.

ताई आणि भावोजी, दोघांच्याही रक्तात हिपॅटायटिस-बी काविळीचा विषाणू आहे. दोघंही माझ्या दुप्पट जेवतात, पण रक्ताला कोण समजावणार? तो आईबापांकडून गर्भात उतरतो का, असं भावोजींनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही." त्या 'बहुतेक'पायी अशा जोडप्यांचे गर्भ वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. म्हणजे फडकी-बादल्यांच्या खोलीत एक कपाट, आईच्या पोटाइतकी ऊब देणारं.

भावोजी इन्व्हर्टर डिझाइन करतात. लाइट गेले की बॅटरीतून वीज पुरवणारा डबा. या दवाखान्यातला डबा त्यांनीच केलेला, म्हणून तर त्यांनी हा दवाखाना निवडला. त्यातून तीन लाइनी निघतात. बॅटरी उतरायला लागली की डबा आधी तिसरी तोडतो, मग दुसरी. पहिलीला शेवटपर्यंत जपतो.

गर्भ सोडायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भावोजी सवयीने एक वायर धरून तिच्यामागे चालत गेले आणि पांढरेफटक होऊन परतले.

"बाकीच्यांचे इन्क्युबेटर पहिल्या लाइनीवर. आपला तिसऱ्या."

"आणि दुसरीवर काय?" मी विचारलं.

त्यांनी वेटिंग रूमकडे बोट दाखवलं. काचेच्या टाकीत केशरी मासे फिरत होते.

"मेलेला मासा दिसला की पेशंट खचतात हो," लॅबवाल्या बाई म्हणाल्या.

"मग आमचा पहिलीवर घ्या ना. एक प्लग तर बदलायचाय," भावोजी म्हणाले.

"बाकीच्यांच्या लाइनीवर तुमचा विषाणूवाला कसा लावू?"

"बाई, विषाणू वायरीतून जात नाही."

"मला कळतं हो! लोकांना वाटतं ना पण."

"मग माशांच्या जागी?"

"मासे मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंनी दिलेत," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी लेखी दाखला मागितला, की इन्व्हर्टरमधून विषाणू जात नाही. भावोजींनी उभ्याउभ्या लिहून दिला, आकृतीसकट. डॉक्टरांनी तो मन लावून वाचला.

"सुंदर. पण तुम्ही पेशंट, तुमची सही कशी चालेल? ज्यांनी डिझाइन केलंय त्यांची आणा."

"मीच केलंय."

"तेच तर म्हणतोय मी."

ताईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं, म्हणून घरी पोचताच मी तिला सगळं सांगितलं.

"गुपचूप बदलायचास ना प्लग," ती भावोजींना म्हणाली.

"खोलीला कुलूप घातलं. मी वायरीला हात लावला म्हणून."

"जन्मात एकदा न विचारता हात लावलास, तोही वायरीला!"

मग दोघंही हसले. भावोजींचं हसू आधी संपलं.

सकाळी आम्ही घरी आवरत असताना दवाखान्यातले लाइट गेले. डबा चोख चालला. बॅटरी उतरताच त्याने तिसरी लाइन तोडली, जशी तोडायला हवी तशी. इन्क्युबेटरची धोक्याची घंटाही त्याच लाइनीवर होती, त्यामुळे कोणाच्या कामात व्यत्यय आला नाही. आम्ही पोचलो तोवर लाइट आले होते आणि कोणीतरी माशांना खायला टाकत होतं.

बाईंनी ताईला पलंगावर घेतलं नाही. खुर्ची पुढे केली. तेव्हाच कळलं.

"डब्यात दोष नाही," भावोजी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले.

"हो रे," ताई म्हणाली.

काही म्हणणं असेल तर लेखी द्या, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ताईने खुर्चीतच, मांडीवर कागद ठेवून लिहिलं:

"माननीय महोदय, आमच्या गर्भाची नोंद कालच्या तारखेपासून मासा अशी करण्यात यावी, आणि त्यास दुसऱ्या लाइनीवर जागा मिळावी, ही नम्र विनंती."