पंचवीस टक्के किंवा अधिक

दोन खुर्च्या, एक टेबल, सात हँगर, दोन किल्ल्या, चार कप. त्यातल्या एकाचा कान तुटलेला. श्रीधरकाका यादीवर खुणा करत होते.

"पाचवा कप?"

"लॅबमध्ये आहे. आणते, काका."

"दोन वर्षं आणतेयस."

जर्मनीतल्या आखनमधली ही खोली फ्राऊ लेंत्झ नावाच्या बाईंनी मृत्युपत्रात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मागे ठेवली. ती सांभाळते एक छोटी विश्वस्त कंपनी. तिथले कारकून श्रीधरकाका चौदा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात. मी इथली नववी. आधीच्या आठही जणांचे थीसिसचे विषय त्यांना पाठ आहेत.

आज त्यांनी फाइल उघडली. "ज्ञानदा, तू फिजिक्सवाली. हा भागाकार तपास."

एका बँकेच्या होल्डिंग कंपनीने त्यांच्या कंपनीचे १,००४ पैकी २५१ शेअर घेतले होते. बाईंची अट होती की बँकेच्या मालकीच्या विश्वस्त कंपनीकडे खोली राहू नये, दुसऱ्या कंपनीकडे जावी. बँकेच्या मालकीची म्हणजे कोणती, याची व्याख्याही खाली होती: जिचे पंचवीस टक्के किंवा अधिक शेअर बँकेच्या होल्डिंगकडे आहेत ती.

मी तीनदा भागाकार केला. "बरोब्बर पंचवीस."

"चोवीस पूर्णांक नव्याण्णव नाही ना येत कुठून?"

"नाही, काका."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आमचा साहेब म्हणतो, एवढ्याशा खोलीसाठी कोण बघतंय?"

"मग?"

"मी बघतोय ना." त्यांनी चष्मा पुसला. "बाईंनी ‘पंचवीसपेक्षा जास्त’ एवढंच सांगितलं होतं. मीच म्हटलं, ‘पंचवीस किंवा अधिक’ करू. काठावरचा कुणी सुटायला नको." ते हसले. "सुटलो असतो की!"

"आणि माझी खोली?"

"ती कुठे जात नाही गं. माझं येणं तेवढं जातंय."

मग त्यांनी खिशातून छोटी चौकोनी चावी काढली, तुटक्या कानाचा कप खोली तापवणाऱ्या हायझुंगखाली धरला आणि आत अडकलेली हवा सोडली. फुस्स आवाज आला, मग पाणी.

"हे त्या नव्या कंपनीच्या लोकांच्या कामात बसणार नाही. शिकून घे."

"तुमच्या कामात बसतं?"

"छे!"

चावी त्यांनी टेबलावर ठेवली, शेजारी खोलीची त्यांच्याकडची किल्ली. यादीतला किल्ल्यांचा दोन खोडून तीन केला, चावी लिहिली नाही, आणि सही केली.

ते निघाले तेव्हा माझ्या थर्मामीटरवर सतरा अंश होते. तासाभराने वीस.