तांबडी फुली

आपल्याला एखादं काम नीट येतं, हे माणसानं गावात कळू देऊ नये. मला नकाशे काढता येतात. पटवारी आहे, सोळा वर्षं तेच करतो. म्हणून शाळेचे मधुकरराव गुरुजी माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"पोराइले खजिन्याचा नकाशा काढून द्या न. सव्वीस जानेवारीले खेळ ठेवला."

महिनाभर शिवारं तुडवून माझे पाय फुटले होते. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता, म्हणून हो म्हणालो.

कागद जुना दिसावा म्हणून बायकोनं तो काथाच्या पाण्यात बुडवून चुलीजवळ वाळवला. मी शिसपेननं मारोतीचा पार, नाला, चिंचा काढल्या. हाताची खोड जात नाही. पोरांच्या नकाशातही वावरांच्या बांधांचे धुरे सरळ आणि विहिरी मापात आल्या. नाल्यापलीकडच्या बाभळीखाली गुरुजी गूळ-फुटाण्यांचं गाडगं पुरणार होते. तिथं शाईनं फुली मारायची होती. काळी दौत आटलेली, तांबडी हाताशी होती. तीच घेतली.

आमच्या दप्तरात तांबडी शाई एकाच कामाची: नोंद खोडायची. हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. माझ्याच डोक्यात आलं नाही.

सव्वीस तारखेला गुरुजी धापा टाकत आले. पोरांनी नकाशा दाखवून वाटेत पंचफुलालाच बाभूळ विचारली होती. तिनं फुली पाहिली, नकाशा कोणी काढला ते विचारलं, आणि विळा घेऊन बाभळीखाली जाऊन बसली. आता कोणाला जवळ येऊ देत नव्हती.

बाभळीचं ते वावर पंचफुलाचं. म्हणजे किसनराव पाटलांनी ते भूदानात दिलं, आणि या विधवेला मिळालं. दोन वर्षं ती ते कसत होती. दप्तरात नाव मात्र अजून किसनरावांचंच. ते बदलायचं काम माझं.

मी पाय ओढत गेलो. पोरं लांब उभी होती, दोघं रडत होती.

"ऊठ पंचफुला. पोराइचा खेळ आहे हा."

"मंग तांबडी फुली काऊन मारली? माह्यं वावर खोडून राह्यले तुमी."

"अवं, हाताशी तेच शाई होती."

"मले येडी समजू नोका. दोन वर्सं तुमच्या दारात येऊन राह्यली मी. तुमी म्हणता, थकलो, पुढच्या हप्त्यात येजो. पोराइच्या खेळाले बरी सवड भेटली तुमाले!"

गुरुजींनी दुसरीकडे पाहिलं. मला लाज वाटली, आणि तिचा रागही आला, कारण खोटं काहीच बोलत नव्हती. थकवा खरा होता. पण दोन वर्षं कोणी थकत नाही, ते टाळणं असतं.

तिनं पोराच्या हातातून नकाशा ओढून घेतला. "हा खोटा कागद हाये न?"

"खोटाच."

"मंग खोट्यावर तरी माह्यं नाव लिहा. खऱ्यावर लिहाले तं तुमचा हात दुखते."

मी खाली बसलो. मांडीवर कागद ठेवून, फुलीच्या बाजूला शिसपेननं तिचं पूर्ण नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. माझ्यावर विश्वासही नव्हता. तिनं रडणाऱ्या पोरीला जवळ बोलावून वाचायला लावलं, दोनदा. मग उठली, लुगडं झटकलं, विळ्यानंच माती उकरून गाडगं काढलं आणि पोरांच्या हाती दिलं. नकाशा घडी करून कमरेला खोचला.

"खऱ्या कागदावर नाव चढलं का मंगच वापस देईन," म्हणाली.

घरी आलो तेव्हा पाय ठणकत होते. बायकोनं विचारलं, "थकले काय? टाकू अंथरूण?"

"राहू दे," म्हणालो. दप्तर सोडलं, आटलेल्या काळ्या दौतीत थोडं पाणी घातलं आणि बसलो.