वीस बायांची बांधी

दवनीवाड्यात कशालाच नुसता आकडा लागत नाही. पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंडी असते, लाकडांची मोळी, मासोळ्यांचा वाटा, बैलांची जोडी. "दोन लाकडं आण" म्हणालात तर पोरगं खरंच दोन काटक्या आणून देईल आणि वर दात काढून हसेल. आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत, ते मोजायचं बायांनी. जितक्या बाया एका दिवसात तिचा रोवणा, रोपांची लावणी, उरकतील, तितक्या बायांची ती बांधी.

हिरालाल मालकांची तळ्याखालची बांधी वीस बायांची. सारं गाव तसं म्हणायचं, म्हणून धुरपताबाईनंही तसंच धरलं. टोळीची म्होरकी तीच. तिनं स्वतःला धरून वीस जणी गोळा केल्या आणि दिवस बुडायच्या आत रोवून देते, असा शब्द देऊन बसली.

दुपारी शिदोरी सोडताना तिनं बांधीकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त बांधीत नुसतं पाणी चमकत होतं. बाकीच्या जणी रोवत रोवत, मागं मागं सरकत बऱ्याच दूर आल्या होत्या. एकट्या रुख्माचा पट्टा मात्र मध्येच अडकला होता. टोळीत सर्वांत वयस्क, म्हणून सगळ्या तिला मोठीमाय म्हणायच्या. दोन्ही बाजूच्या बाया तिचा थोडा थोडा पट्टा रोवून घेत होत्या, तरी ती मागंच.

"मोठीमाय, कंबर धरली का वं?" कोणीतरी विचारलं.

"कंबर हाय कुठं धरायले? मागच्या सालीच या चिखलात पडली. सापडली तर सांगजो."

बाया हसल्या. हसायलाही जोर लागतो, म्हणून लवकरच थांबल्या. मग रुख्मा आपणहूनच सांगू लागली, "हे वीस बायांचं माप आमचंच हाय बरं. मी नवी नवरी होतो. हिरालालच्या बापानं आमची टोळी लावली, अन् दिस बुडाच्या आत आम्ही वीस जणी रोवून मोकळ्या. माह्या हाताले कोणाचा हात लागत नव्हता. तवापासून ही बांधी वीस बायांची."

धुरपतानं रुख्माच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. म्हणजे त्या मापातली बाई ही नव्हेच. ती बाई म्हणजे ऐन भरातली रुख्मा, आणि तशा वीस.

"मंग हे काल काऊन नाई सांगितलं?"

"तुनं इचारलं का?"

धुरपतानं हात धुतले आणि पुन्हा चिखलात उतरली. दुपार सरता सरेना. पेंडी सोडायची, रोपं खोचायची, पाय मागं ओढायचा. पाठीचं लाकूड झालं, बोटांची सालं निघाली, आणि बोलणंही हळूहळू बंद पडलं. दिवस बुडाला तेव्हा धुऱ्यालगतचा, म्हणजे कडेच्या बांधाजवळचा, एक लांब पट्टा राहिलाच.

हिरालाल मालक छत्री टेकत आले. "का वं धुरपता, एक बाई कमी आणली का?"

"वीस हाव, मालक."

"त्या म्हातारीले पूर्ण धरली का? तिले अर्धी धर. पोरीसोरीले धरतोच ना आपण अर्धी."

रुख्मा पाय धूत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवसाच्या मजुरीचं अर्धं धान गेलं असतं, तेही एक वेळ सोसलं असतं. पण एकदा अर्धी म्हटलं की ते नाव चिकटतं. गेल्या साली गावातल्याच टिकारामच्या मायला कोणी अर्धी म्हणालं, आणि यंदा एकाही टोळीनं तिला हाक मारली नाही. ती दिवसभर ओट्यावर बसून रस्ता पाहते.

जमुनाबाई लग्न होऊन छत्तीसगडातून आलेली, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "हमर डहर, माह्या माहेरी, खाट, टोपली, बइला मोजताना ठन म्हणतात मालक, अन् माणसं मोजताना झन. ठन ला आधा कर ले. झन ला कइसे आधा करबे? वरची अर्धी ठेवशील का खालची?"

थकलेल्या बायाही खुसखुसल्या.

"तुझी बोली माहेरी ठेव," हिरालाल म्हणाले. "गोंदियाच्या बाजारात शेर जाऊन किलो येऊन राहिला. पण माह्या बापानं लावलेलं माप काही हललं नाई."

"मापातली बाई म्हातारी झाली, मालक," धुरपता म्हणाली.

"मंग बांधी लहान झाली का?"

हेही खरंच होतं.

मोजणीची रीत अशी, की बाया एकेक करून धुरा ओलांडतात आणि टोळीतली सर्वांत वयस्क बाई मोठ्यानं मोजते. धान मोजताना पहिल्या मापाला म्हणतात, तसंच पहिलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. रुख्मा मोजू लागली. लाभ, दोन, तीन... शेवटी एकोणीस. आता ती स्वतःच उरली. ती धुऱ्याच्या अलीकडेच थांबली.

सगळ्यांनी धुरपताकडे पाहिलं. तिला घरी जायचं होतं. चूल पेटवायची होती, गाय हंबरत असणार. एक 'अर्धी' म्हटलं की सुटका होती. हिरालाल खूश, बाया मोकळ्या.

"वीस," धुरपता म्हणाली. आवाजही चढला नाही तिचा.

"अन् हा पट्टा?"

"उद्या सकाळी येऊन रोवून देतो. साऱ्या जणी. त्याचं धान नको. पण आज वीस धरा."

हिरालालनी पट्ट्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. "सकाळी म्हणजे सकाळी," म्हणाले आणि छत्री टेकत निघून गेले.

ते गेले मात्र, बाया धुरपतावर तुटून पडल्या.

"आम्हाले इचारलं का तुनं?"

"फुकटचा रोवणा! तुह्या बापाची टोळी हाय का?"

"मोठी आली म्होरकी," जमुनाबाईही म्हणाली. "मैं तो झन बोलेंव, फुकट नइ बोलेंव."

ओली लुगडी पायांत अडकत सगळ्या गावाकडे निघाल्या. रुख्मा मुद्दामच मागं राहिली, म्हणून धुरपताही थांबली.

"उद्या मी येत नाई," रुख्मा म्हणाली. "माह्यापायी साऱ्या जणी शिव्या देऊन राहिल्या. लाज वाटते मले."

"यावं लागंल."

"माह्यानं होत नाई वं आता. कंबर तुटली माही."

"तुटकी घेऊन ये," धुरपता म्हणाली. "वीस म्हणून बसलो ना मी. तू नाई आली, त एक जण कमी पडंल."